एका तासात दोन फायरिंग: विक्रमी गाडीच्या वाटेवरची छोटी हायब्रिड मोटर, प्रकल्प नोंदी

जमिनीवरच्या वेगाचा विक्रम एका धावेत होत नाही. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटर क्रीडा संघटनेच्या नियमानुसार मोजलेलं अंतर दोन्ही दिशांनी कापावं लागतं, दोन्ही धावा एका तासात व्हाव्या लागतात आणि सरासरी धरली जाते. 13 ऑक्टोबर 1997 ला थ्रस्ट एसएससी गाडीने ध्वनीचा वेग ओलांडला, पण परतीची धाव तासाच्या मर्यादेपेक्षा एका मिनिटाहूनही कमी उशिरा झाल्याने तो दिवस विक्रमात धरला गेला नाही. दोन दिवसांनी 1,227.985 किमी/तास नोंदला गेला. म्हणून या रॉकेट मोटरचं उद्दिष्ट थ्रस्टच्या (पुढे ढकलणाऱ्या जोराच्या) आकड्यात ठेवलेलं नाही. एका तासात दोनदा पेटली पाहिजे आणि दोन्ही वेळा सारखीच चालली पाहिजे. आकार मुद्दाम छोटा: 6 किलो थ्रस्ट, 4 सेकंद.

18 जानेवारी: मोटरचा प्रकार

इंधन घन आणि ऑक्सिडायझर (जळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) वायू किंवा द्रव, म्हणजे हायब्रिड. ऑक्सिजन बंद केला की आग थांबते, आणि चालक आत बसलेल्या गाडीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची. ब्लडहाउंड या ब्रिटिश विक्रमी गाडीसाठीही हायब्रिडच निवडली होती. 3 ऑक्टोबर 2012 ला न्यूक्वेला तिची 10 सेकंदांची चाचणी झाली, तेव्हा ऑक्सिडायझर होता तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पंप फिरवायला फॉर्म्युला वनचं कॉसवर्थ इंजिन. 1970 च्या ब्लू फ्लेम या विक्रमी रॉकेट गाडीमध्येही पेरॉक्साइडच होतं, जोडीला द्रवरूप नैसर्गिक वायू. आपल्या पातळीवर त्या तीव्रतेच्या पेरॉक्साइडच्या वाटेला जाऊ नये. साठवणुकीत जरासा कचरा पडला तरी ते स्वतःहून विघटित होऊन तापत जातं. मिरजेहून मिळणारा साधा औद्योगिक ऑक्सिजन पुरेसा आहे: काळा सिलिंडर, 7 घनमीटर, भरताना सुमारे 150 बार. भरणावळ 400 रुपये, डिपॉझिट वेगळं.

2 फेब्रुवारी: केसिंग आणि पाण्याची चाचणी

कुपवाड एमआयडीसीत टर्निंग करून घेतलं. सीमलेस एम.एस. पाइप, दोन्ही टोकांना फ्लँज, प्रत्येकी सहा एम 8 स्टड. आतून सुती कापडाच्या फिनॉलिक नळीचं लायनर, आतला व्यास 50 मिमी. इंजेक्टर पितळेचा. नोझल ग्रॅफाइटचं, थ्रोट (त्याची सर्वांत अरुंद जागा) 6.4 मिमी. केसिंगचं काम 6,200 रुपये, ग्रॅफाइट रॉड 1,800.

चालू दाब 13 ते 15 बार धरलेला, म्हणून चाचणी 45 बारला. हातपंपाने, पाण्याने. कॉम्प्रेसरच्या हवेने अशी चाचणी कधीही करू नये: दाबलेल्या हवेत एवढी ऊर्जा साठलेली असते की वेल्ड सुटला तर तुकडे उडतात, पाण्यात फक्त धार उडते. पहिल्या वेळी 30 बारलाच फ्लँजच्या वेल्डमधून पाझर दिसला. वेल्ड खरवडून दुसऱ्यांदा मारला, फेस पुन्हा टर्न केला. दुसऱ्या वेळी 45 बार दहा मिनिटं टिकला, काटा हलला नाही.

9 फेब्रुवारी: तेल काढणं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि यातच माणसं भाजतात. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल-ग्रीस ठिणगीशिवाय पेटतं. ऑक्सिजन लागणारा प्रत्येक भाग गरम पाणी आणि साबणाच्या पावडरने, मग स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला. नायट्रोजनने सुकवला आणि झिप पिशवीत बंद केला.

धुतलेला इंजेक्टर एका भोकाची कड काढायला पुन्हा लेथवर गेला आणि तिथे सवयीप्रमाणे कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून परत आला. त्या हवेत कॉम्प्रेसरचं तेल असतं. पांढऱ्या टिश्यूवर पिवळसर डाग उमटला तेव्हा कळलं. सगळं पुन्हा धुतलं. नियम असा ठेवला: धुतल्यानंतर कोणताही भाग मशीनवर जाणार नाही, गेलाच तर धुणं पहिल्यापासून.

थ्रेडला फक्त ऑक्सिजनसाठीची टेफ्लॉन टेप, ओ-रिंग व्हायटॉनच्या. गळती तपासायला साबणाचं पाणी चालतं, नंतर पुसून कोरडं करायचं.

16 फेब्रुवारी: नुसता ऑक्सिजन सोडून मोजमाप

ऑक्सिजनचा प्रवाह ठरवते 1.8 मिमीची एक ओरिफिस, म्हणजे नेमक्या मापाचं बारीक भोक. तिच्या अलीकडे 40 बार आणि पलीकडे चेंबरमध्ये 15 बार असेल तर भोकातला वायू ध्वनीच्या वेगाला अडकतो. मग चेंबरमधल्या चढउताराचा प्रवाहावर परिणाम होत नाही. हिशोबाने 20 ग्रॅम प्रति सेकंद मिळायला हवेत.

मिळाले 15.5. रेग्युलेटर बंद प्रवाहात 45 बार दाखवत होता, प्रवाह सुरू झाला की 31 वर बसत होता. 20 ग्रॅम प्रति सेकंद म्हणजे मिनिटाला 900 लिटरच्या वर. वेल्डिंगच्या दुकानात मिळणारा रेग्युलेटर एवढ्या प्रवाहासाठी नसतो, आणि बरेचसे तर 10 बारच्या पुढे देतच नाहीत. जास्त प्रवाहाचा, उच्च दाबाचा रेग्युलेटर मागवला. 14,500 रुपये, यादीतली सर्वांत महाग वस्तू, आणि तिची वाट पाहण्यात दोन आठवडे गेले.

मोजण्याची पद्धत: सिलिंडर वजनकाट्यावर उभा करून आधी-नंतरचं वजन. काटा 10 ग्रॅमचा असेल तर 10 सेकंदांच्या प्रवाहात 200 ग्रॅमच जातात आणि पाच टक्क्यांची चूक राहते. 30 सेकंद सोडा, 600 ग्रॅम जातात, आकडा भरवशाचा मिळतो. सिलिंडरची किल्ली मात्र सावकाश उघडायची. झटक्यात उघडली तर बंद नळीत वायू दाबला जाऊन तापतो, आणि रेग्युलेटरमध्ये जरासा कचरा असला तरी तिथेच पेट घेतो.

सोलेनॉइड व्हॉल्व्हनेही एक दिवस खाल्ला. हवेच्या लाइनचा 10 बारचा व्हॉल्व्ह 40 बारला उघडलाच नाही, कॉइलची ताकद दाबापुढे कमी पडते. शिवाय त्याची सीट साध्या रबराची, ऑक्सिजनला अयोग्यच. पितळी बॉडी आणि टेफ्लॉन सीटचा उच्च दाबाचा व्हॉल्व्ह घेतला, 9,500 रुपये.

1 मार्च: स्टँड आणि लोडसेल

20 किलोचा लोडसेल (जोर मोजणारा सेन्सर), त्याच्या नोंदी वाचायला एचएक्स 711 मॉड्यूल. दोन्ही मिळून 600 रुपयांच्या आत. हे मॉड्यूल बाजारात येतं ते सेकंदाला 10 नोंदींवर बांधलेलं. पेटण्याचा सगळा चढ दोन नोंदींत संपतो, त्यातून काहीच कळत नाही. चिपची 15 नंबरची पिन जमिनीशी जोडलेली असते. ती सोडवून पुरवठ्याला जोडली की सेकंदाला 80 नोंदी मिळतात. पिन बारीक आहे, गरम ब्लेडने उचलावी लागते.

दुसरी गोष्ट जास्त फसवी. ऑक्सिजनचा होज 40 बारने ताठ होतो आणि स्वतःच मोटरला ढकलतो. लाइन भरल्याबरोबर लोडसेल 400 ग्रॅम दाखवू लागला. 6 किलोच्या मोटरला ही सात टक्के चूक. होज थ्रस्टच्या दिशेला काटकोनात फिरवून घेतला आणि शून्य नेहमी लाइन भरल्यावरच धरलं. कॅलिब्रेशन टेबलावर करून चालत नाही. मोटर स्टँडवर बसवून, पुली आणि वजनं लावून करायचं, म्हणजे बेअरिंगचं घर्षणही हिशोबात येतं.

चेंबरच्या दाबाच्या नळीत गरम वायू सेन्सरपर्यंत जाऊ नये म्हणून अनेक जण ग्रीस भरतात. इथे ते अजिबात करू नये, पेटण्याआधी चेंबरमध्ये शुद्ध ऑक्सिजन असतो. बारीक तांब्याच्या नळीचे पाच-सहा वेढे देऊन सेन्सर लांब ठेवला.

8 मार्च: ॲक्रिलिकवर पहिलं फायरिंग

जागा: कवठेमहांकाळ तालुक्यातली बंद पडलेली खडीची खाण. मालकाची लेखी परवानगी घेतली, ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला आधी कळवलं. तिन्ही बाजूंना दगडी भिंत आहे. चौथ्या बाजूला क्रशरच्या डस्टने भरलेल्या पोत्यांचा आडोसा, माणसं 40 मीटरवर. मार्चमध्ये माळावरचं गवत वाळलेलं असतं, म्हणून नोझलसमोरचा पट्टा आधी साफ करून पाणी मारलं.

इंधन ॲक्रिलिक रॉड, बाहेरून 50, भोक 16, लांबी 200 मिमी. पेटली, चार सेकंद चालली, पण दाब 9 बारच्या पुढे गेला नाही आणि शेवटच्या सेकंदात घसरला. उघडल्यावर थ्रोट 6.4 चा 7.1 मिमी झालेला. क्षेत्रफळात हा फरक 23 टक्क्यांचा आहे.

कारण वजनात सापडलं. ऑक्सिजन 80 ग्रॅम गेला, ॲक्रिलिक जळलं फक्त 16 ग्रॅम. ॲक्रिलिकला पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या 1.92 पट ऑक्सिजन लागतो आणि इथे पाचपट होता. उरलेल्या गरम ऑक्सिजनने ग्रॅफाइट खाल्लं. ॲक्रिलिक या प्रवाहाला सेकंदाला 0.31 मिमीच्या आसपास झिजतं. प्रमाण जमवायला ग्रेन (इंधनाचा पोकळ दंडगोल) तिप्पट लांब करावा लागला असता, आणि गाडीच्या अंगात तेवढी लांबी परवडत नाही.

22 मार्च: मेणाचा ग्रेन

पॅराफिन मेण ॲक्रिलिकच्या चार-पाच पट वेगाने झिजतं, कारण त्याच्या वितळलेल्या थरावरून वाऱ्याने थेंब उडतात आणि प्रवाहातच जळतात. हिशोब: भोक 18 मिमी, लांबी 110 मिमी, 20 ग्रॅम ऑक्सिजनला सेकंदाला 9 ते 10 ग्रॅम मेण, म्हणजे प्रमाण 2 ते 2.2. मेणासाठी हेच हवं.

58–60 अंशांना वितळणारं पूर्ण शुद्ध मेण, 1 टक्का कार्बन ब्लॅक. काळं केलं नाही तर ज्वाळेची उष्णता पारदर्शक मेणातून आत शिरते आणि ग्रेन लायनरपाशी सुटतो. वितळवायचं पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून, थेट शेगडीवर नाही.

उभ्या साच्यात ओतलेले ग्रेन सगळे वाया गेले. मेण गोठताना बरंच आकसतं. मधोमध खड्डा पडतो, मग भोकाच्या बाजूने उभ्या चिरा जातात. चीर म्हणजे जळायला अचानक मिळालेला जादा पृष्ठभाग, म्हणजे दाबाचा झटका. थरांनी ओतलं तर थर एकमेकांना धरत नाहीत.

जमलेली पद्धत: लायनर लेथच्या चकमध्ये धरून दोन्ही टोकांना बुचं, 185 ग्रॅम मेण 80 अंशांना ओतायचं, 1,200 फेऱ्यांवर फिरवायचं. मेण बाहेरच्या भिंतीकडे 40 जीने दाबलं जातं, आकसतं ते आतल्या बाजूने आणि भोक आपोआप तयार होतं. पंखा लावून 40 मिनिटं फिरत ठेवलं. लेथ आधी बंद केला तर आतला थर ओघळतो. मग भोक 18 मिमीला बोअर करून घ्यायचं आणि टोकं सपाट करायची. प्रत्येक ग्रेनवर नंबर आणि 0.1 ग्रॅमपर्यंतचं वजन लिहायचं.

29 मार्च: उशिरा पेटणं

निक्रोमची कॉइल आणि लोखंडी लोकर. ऑक्सिजनमध्ये लोकर जळते आणि मेण पेटवते, फटाक्याची दारू लागत नाही. भांड्यांची स्टीलची घासणी इथे चालत नाही, ती जाड आणि स्टेनलेस असते. पॉलिशवाल्यांची बारीक लोकर लागते. ती तेल लावून येते, तेही धुवावं लागतं.

पूर्ण प्रवाहात पेटवलं तेव्हा लोकर झटक्यात जळून गेली, मेणाने मात्र सेकंदभर घेतला. तेवढ्यात चेंबरमध्ये मेणाची वाफ आणि ऑक्सिजन साठला. दाब क्षणभर 28 बारला गेला, ग्रॅफाइटला तडा. केसिंग 45 ला तपासलेलं होतं म्हणून एवढ्यावर भागलं.

दुरुस्ती: मुख्य व्हॉल्व्हच्या बगलेला 0.6 मिमीच्या ओरिफिसची वेगळी वाट, फक्त 2.2 ग्रॅम प्रति सेकंद. आधी ती उघडते. नोझलच्या तोंडावर सोल्डरची बारीक तार ताणलेली. ज्वाळेने तार वितळून सर्किट तुटलं, तरच मुख्य व्हॉल्व्ह उघडतो. दीड सेकंदात तुटली नाही तर सगळं बंद आणि नायट्रोजन सुरू. नायट्रोजनच्या लाइनला पितळी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. फसलेल्या प्रयत्नानंतर 15 मिनिटं कोणी जवळ जायचं नाही.

6 एप्रिल: आडवी मोटर

मोटर गाडीत आडवी असते, म्हणून स्टँडही आडवा केला. उभ्या चाचणीत काही गोष्टी दिसतच नाहीत. बंद झाल्यावर वितळलेलं मेण खाली ओघळून नोझलपाशी साचलं आणि गोठलेल्या थराने अर्धा थ्रोट बुजला. तसंच पुन्हा पेटवलं असतं तर दाब केवढा चढला असता! त्यामुळे नोझल दर फायरिंगला बदलायचं ठरलं, आणि व्हॉल्व्ह बंद होताच तीन सेकंद नायट्रोजन, म्हणजे धुमसणंही थांबतं.

थ्रस्ट 5 किलो, दाब 11.6 बार. ज्वाळा पिवळी, टोकाला काळा धूर. सी-स्टार (जळण किती पूर्ण होतं हे दाखवणारा वेग) काढला तर 1,280 मीटर प्रति सेकंद, या प्रमाणाला आदर्श 1,780 च्या आसपास. म्हणजे 72 टक्के. मेणाचे थेंब न जळताच नोझलबाहेर पडत होते. ग्रेननंतरची मोकळी जागा 25 ची 65 मिमी केली आणि ग्रेनच्या शेवटी 20 मिमी भोकाची ग्रॅफाइटची चकती बसवली, म्हणजे भिंतीलगतचं मेण मध्ये ढकललं जाईल. थ्रस्ट 6.1 किलो, दाब 13.7, सी-स्टार 85 टक्के. धूर जवळपास गेला. सगळ्या प्रकल्पात सर्वांत कमी खर्चात झालेली सर्वांत मोठी सुधारणा हीच: ग्रॅफाइटचा उरलेला तुकडा आणि थोडं टर्निंग.

20 एप्रिल: एक तास

खरं काम इथून. फायरिंग संपल्यावर केसिंग हाताला कोमट लागतं, पण उष्णता आतून बाहेर येत राहते. नोझलकडच्या टोकाला सहा मिनिटांनी 95 अंश आले. त्यात 58 अंशांना वितळणारा नवा ग्रेन ढकलला तर पेटवण्याआधीच बाहेरून सुटतो. तसंच झालं. ग्रेन लायनरमध्ये गोल फिरू लागला, वापरलाच नाही.

बाहेरून ओलं गोणपाट आणि आतून नायट्रोजन, याने 45 अंशांवर यायला 35 मिनिटं लागतात. पाणी आत ओतायचं नाही, सुकवण्यात त्याहून जास्त वेळ जातो. शेवटी दुसरं केसिंगच बनवलं. ग्रेन, लायनर, चकती आणि नोझल असं एकत्र भरलेलं. इंजेक्टरची बाजू स्टँडवरच राहते.

तरीही वेळ खात होते ते नट. एस.एस. स्टडवर एस.एस. नट तापून एकमेकांना चावतात, आणि चावू नयेत म्हणून लावतात ती पेस्ट ऑक्सिजनजवळ लावता येत नाही. दोन स्टड कापावे लागले. एस.एस. स्टडवर पितळी नट घातले, तेव्हापासून सगळे पान्याने सहज सुटतात. पितळ मऊ, म्हणून टॉर्क बेताचा ठेवायचा आणि आटे घासले की नट टाकून द्यायचा.

खाणीत दुपारी 39 अंश. ग्रेन बर्फाच्या थर्माकोल पेटीत नेले तर उघडताच भोकात दव धरलं आणि पेटायला उशीर झाला, तारेने चाचणी थांबवली. आता पिशवी सीलबंद, आत सिलिका जेल, पेटीत बर्फाऐवजी गार पाण्याच्या बाटल्या. आतलं तापमान 27 अंशांच्या आसपास राहतं, तेवढं पुरतं.

4 मे: दोन फायरिंग

दोन्हींमध्ये अंतर 47 मिनिटं. पहिल्यात सरासरी थ्रस्ट 6.1 किलो, जळलेलं मेण 37 ग्रॅम. दुसऱ्यात 5.8 किलो, 35 ग्रॅम. फरक पाच टक्के. ओरिफिसच्या अलीकडचा दाब पहिल्यात 40, दुसऱ्यात 38.5 बार, म्हणजे जवळपास चार टक्के तिथेच गेले. सिलिंडर उन्हात आला होता, गरम वायू त्याच दाबाला कमी वजनाने जातो, एक-सव्वा टक्का त्याचा. बाकी मोटर दोन्ही वेळा सारखीच होती, थ्रोट 6.4 आणि 6.5 मिमी.

म्हणजे तफावत रेग्युलेटरची आहे. मधल्या वेळात लाइन रिकामी करताना त्याचा नॉब हलवला गेला आणि पुन्हा बंद प्रवाहात लावला गेला. यापुढे नॉबला लॉक, लाइन रिकामी करायची ती सिलिंडरच्या किल्लीने, आणि दाब वाचायचा तो चालू प्रवाहातच: प्रत्येक फायरिंगआधी चेंबर उघडं असताना तीन सेकंद ऑक्सिजन सोडून, मग केसिंग बसवण्याआधी नायट्रोजनने झाडून. सिलिंडरवर पांढरं ताडपत्रीचं छप्पर.

11 मे: दुरुस्तीनंतर

अंतर 41 मिनिटं, थ्रस्ट 6.1 आणि 6.0. दाब 40 आणि 39.7.

41 मिनिटांचा हिशोब: 15 मिनिटं सक्तीची वाट, 9 मिनिटं केसिंग बदलणं, 6 मिनिटं ऑक्सिजन सोडून दाब वाचणं, 7 मिनिटं नवी लोकर, नवी तार आणि सर्किट तपासणी, 4 मिनिटं सगळ्यांना मागे घेऊन मोजणी. गाडीत याच तासात गाडी थांबवणं, वळवणं, पॅराशूट भरणंही येतं, त्यामुळे मोटरच्या वाट्याला 25 मिनिटांपेक्षा जास्त धरू नये. 15 मिनिटांची वाट कमी करणार नाही. लोकर आणि तार केसिंगबरोबरच आधीपासून बसवलेली असेल असा नोझलचा झाकणठोकळा टर्निंगला दिला आहे. त्याने सात मिनिटं वाचायला हवीत.

पावसाळ्याआधी एवढंच. खाणीत जूनपासून पाणी साचतं. 60 किलो थ्रस्टच्या मोटरचं केसिंग, दहापट प्रवाह आणि दोन सिलिंडरचा मॅनिफोल्ड दिवाळीनंतर.